वाऱ्याकडे तोंड

भांडुपच्या गच्चीवर संघमित्राचा पतंग आजवर कुणाच्या बापाला कापता आला नव्हता. त्यामुळे वाऱ्याबद्दल आपल्याला कोणी काही शिकवावं, हे बाईसाहेबांना मान्यच नव्हतं. आरे कॉलनीतल्या माळावर तिने वडिलांनी, भाऊरावांनी, घरी बनवलेलं छोटं ग्लायडर विमान हातात घेतलं, पतंगाच्या सवयीने वाऱ्याला पाठ दिली आणि दिलं भिरकावून. नाक खाली घालून ते धप्पकन गवतात आपटलं. एक पंख तडकला.

तिने धावत जाऊन ते उचलून आणलं. भाऊरावांचे हात हल्ली थरथरायचे. हलक्या लाकडाच्या पट्ट्या घासून घासून हे एकच त्यांनी कसंबसं पुरं केलं होतं, दुसरं व्हायचं नव्हतं. खांदाही साथ देत नव्हता, म्हणून फेकायला लेक. त्यांना ते एकदा उडताना बघायचं होतं, एवढंच.

"वाट लावली मी, पप्पा."

"अजून नाही लावलीस," पंखाला चिकटपट्टी लावत भाऊराव म्हणाले. "पतंगाला दोरी धरून ठेवते, म्हणून वारा त्याला उचलतो. ह्याला कोण धरणार? मागून वारा आला तर तो पंखांना लागतच नाही. तोंड फिरव."

"वाऱ्याच्या विरुद्ध?"

"समोर गं. विरुद्ध काय! भांडायचंय का त्याच्याशी?"

ती वळली. पश्चिमेचा वारा तोंडावर आला, ओढणी मागे फडफडली. मोठा झोत तिने ओसरू दिला आणि ढकलल्यासारखं अलगद सोडलं.

ते पडलंच नाही. वाऱ्यात शिरलं, चढलं आणि डोक्यावर जवळजवळ जागच्या जागी थांबलं. इंजिन नाही, दोरी नाही. संघमित्राच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण ज्याच्याशी खेळलो तो वारा केवढा मोठा आहे, हे तिला आज कळत होतं.

मग तापलेल्या माळावरून वर चढणारी हवा त्याला लागली. ग्लायडर कललं, गोल फिरत उंच जाऊ लागलं आणि दर फेरीला विहार तलावाकडे सरकू लागलं. तिची बोटं सवयीने दोरी खेचायला मिटली. हातात काहीच नव्हतं.

"पप्पा, जातंय ते! झाडांत अडकेल, मी धावते!"

भाऊरावांनी तिचं मनगट धरलं. मान वर, डोळ्यांत पाणी. "कपाटावर ठेवायला केलं होतं का मी? उभी राहा. बघू दे."

ते झाडांच्या वर गेलं, ठिपका झालं, दिसेनासं झालं. तरी भाऊराव "चढतंय, चढतंय" म्हणत राहिले, आणि संघमित्राला ते जराही खोटं वाटेना.