मुरोई-सानचा धाकटा

“मुळं ओली ठेव, पानं नको,” असं म्हणत मुरोई-सानने माझ्या हातातली जुडी घेतली आणि सोडून परत बांधली. आजींचं वय एक्क्याण्णव. बोटं आल्याच्या कांड्यांसारखी वाकडी झालेली, पण जुडीभोवतीची पट्टी एका फेऱ्यात घट्ट बसायची. मला दोन वर्षांनंतरही दोनदा ओढावी लागत होती.

जपानमधल्या एदोगावात, आमच्या इमारतीमागे, दोन पार्किंगच्या मधे त्यांचं शेत होतं. कोमात्सुना नावाची पालेभाजी, चवीला पालकाच्या जवळची. संजीव ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की मी तीन तास तिथे पार्टटाइमला जायची. माझं जपानी क्लासपेक्षा शेतावरच्या त्या शेडमध्ये जास्त सुधारलं.

“या महिन्यानंतर येऊ नकोस, अनघा-सान,” त्या म्हणाल्या. “शेत देऊन टाकलंय. फ्लॅट होणार आहेत.”

मी हातातलं काम थांबवलं. हिवाळ्यात त्या शेतात पडल्या होत्या, तेव्हापासून काठी होती. थोरला मुलगा, कात्सुया-सान, ओसाकाला राहायचा. तो स्वतःच अडुसष्ट वर्षांचा. त्याने घराजवळचा एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, हे मला ठाऊक होतं. इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

“तुम्हाला जायचंय का?” मी विचारलं.

“कोण विचारतंय?” त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. पुढची जुडी उचलली. “देवळातली घराण्याची कबरही बंद करणार. इथे बघायला कुणी उरणार नाही ना. सगळ्यांच्या अस्थी ओसाकाला नेणार. मी त्याला एकच सांगितलंय, नोबोरुला माझ्या चर्चला द्यायचं. तो हो म्हणालाय.”

नोबोरु हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मुरोई-सान मूळच्या कुमामोतोकडच्या. त्यांची आई तिथल्या लुथरन ख्रिस्ती अनाथाश्रमात धुणं धुवायची. आईचा तोच धर्म, तोच लेकीचा. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन त्या या शेतावर आल्या. सासरचं घर बौद्ध. रोज सकाळी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ताजा भात ठेवायचं काम नव्या सुनेचं, आणि त्यांनी ते साठ वर्षं केलं. सुरुवातीला पास्टरांकडे जाऊन त्याची कबुली द्यायच्या. “मग कबूल करून करून मलाच कंटाळा आला,” त्या म्हणाल्या. चर्चला जायला सासू मना करायची नाही, फक्त म्हणायची, “रविवारी कोमात्सुना वाढायची थांबते का?” त्यामुळे काढणी, धुणं, बांधणी उरकायची आणि मग सायकल दामटायची. बहुतेक वेळा पोचेपर्यंत शेवटचं गीत चालू असायचं.

थोरल्याला सासूने वाजतगाजत देवळात नेलं. धाकटा, नोबोरु, झाला तेव्हा मुरोई-सान त्याला लस टोचायला म्हणून घेऊन गेल्या आणि चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा करून आणला. घरी आल्यावर सासूने विचारलं, रडला का? त्या म्हणाल्या, थोडासा. आयुष्यात तेवढीच एक चोरी, असं त्या हसून सांगत होत्या.

तेव्हा या भागात कमळाची तळी होती. नोबोरु चार वर्षांचा असताना एका तळ्यात बुडाला. बरोबर थोरला होता, सहा वर्षांचा. तो धावत शेतावर आला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. काय झालंय हे कळायला वेळ गेला.

“पास्टर दारापर्यंत आले होते,” मुरोई-सान म्हणाल्या. “सासऱ्यांनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. देवळात नोबोरुला मेल्यानंतरचं नाव दिलं, मोठं, सहा अक्षरी. मी ते कधी उच्चारलं नाही. नवऱ्याला म्हटलं, याचा बाप्तिस्मा झालाय. तो म्हणाला, आता कशाला सांगतेस.”

त्या पुढे बरंच काही बोलतील असं मला वाटलं, पण त्यांनी पाण्याचा नळ बंद केला आणि मला म्हणाल्या, “गुरुवारी माझ्याबरोबर देवळात येशील? कात्सुया कागदपत्रांच्या गडबडीत असेल. मला धरायला कुणीतरी हवं.”

गुरुवारी कात्सुया-सान भाड्याची गाडी घेऊन आला. नीटनेटका, घाईत असलेला माणूस. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना ठरली होती आणि सोमवारी ओसाकाची गाडी. मुरोई-सानने काळा पोशाख घातला होता, केस विंचरून चापून बसवले होते. चेहरा मात्र कुणाला स्टेशनवरून आणायला निघाल्यासारखा होता. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

देवळाच्या पुजाऱ्याने मंत्र म्हटले. मग दोन कारागिरांनी दगड सरकवला. खालच्या अंधाऱ्या कोनाड्यातून एकेक पांढरी बरणी वर आली: सासरे, सासू, नवरा. शेवटी एक लहान बरणी, लोणच्याच्या बरणीएवढी. तिचं झाकण मधोमध तडकलेलं होतं.

कारागिराने ती उचलली, थोडी हलवली, आणि झाकण काढून आत बघितलं. मग त्याने कात्सुया-सानकडे पाहिलं, आईकडे नाही.

“ही जमीन खोलगट आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “पाणी शिरतं. लहान मुलांची हाडं नाजूक असतात. साठ वर्षं म्हणजे… विरघळून जातात.”

मुरोई-सानने माझा हात सोडला आणि काठी टेकत पुढे गेल्या. मी त्यांच्या मागून पाहिलं. बरणी पाण्याने भरलेली होती. पाणी स्वच्छ होतं. तळाशी राखाडी गाळ, चमचाभर असेल नसेल.

त्यांनी पाण्यात हात घातला. मनगटापर्यंत. बोटं तळाशी फिरताना दिसत होती. गाळ वर आला आणि पाणी गढूळ झालं, तसा त्यांनी हात झटकन बाहेर काढला.

“परत पाण्यातच ठेवला मी त्याला,” त्या म्हणाल्या.

मला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, आणि माझ्या मोडक्या जपानीत जे आलं ते मी बोलून गेले. “मुरोई-सान, आमच्याकडे शेवटी सगळ्यांच्याच अस्थी पाण्यात सोडतात. नदीत. ते चांगलं मानतात.”

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. राग नव्हता. खरोखरच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

“मग तुमच्याकडच्या आया हातात काय धरतात?”

मी त्यांच्या ओल्या हाताला रुमाल लावायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतला.

कारागीर बरणी उचलून कोपऱ्यातल्या गटाराकडे निघाला. त्याचंही चुकत नव्हतं, पाणी ओतून रिकामी बरणी द्यायची हीच त्यांची पद्धत. मुरोई-सान “थांबा” म्हणाल्या, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मी ओरडायच्या आत कात्सुया-सान पुढे झाला.

“ओतू नका,” तो म्हणाला. “तशीच द्या.”

“प्रवासात सांडेल, साहेब.”

“तशीच द्या.”

मी मुरोई-सानच्या फोनवरून त्यांच्या चर्चच्या आताच्या पास्टरबाईंना फोन लावला. काय झालं ते सांगताना माझं व्याकरण पार कोलमडलं. त्या म्हणाल्या, “घेऊन या. आजच या. रविवारची वाट बघू नका.”

झाकण बसत नव्हतं. मुरोई-सान मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या, बरणी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. कात्सुया-सानने एकदाही घड्याळ बघितलं नाही. त्याने धोक्याचे दिवे लावले आणि माणूस चालतो त्या वेगाने गाडी रस्त्यावर काढली. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न कुणी वाजवला नाही.

पहिल्या सिग्नलला त्याने इतक्या अलगद ब्रेक लावला की गाडी कधी थांबली ते कळलं नाही. आरशात त्याचे डोळे दिसत होते. समोर दिवा हिरवा झाला तरी तो निघाला नाही.

“आई, सांडलं का?”

“नाही.”

त्याने गाडी हलवली. पुढे वळण होतं, आणि तिथे पोचायच्या बरंच आधी त्याने वेग आणखी कमी केला.