अर्धा राहिलेला पाठ

टायपिंगमास्तरांच्या वाट्याला त्या दिवशी झोपाळू विद्यार्थी आला होता, आणि तो त्यांनी इतका मनापासून वठवला की शेवटी त्यांना हलवून जागं करावं लागलं.

हा प्रकार शिक्षक-प्रशिक्षण वर्गाच्या संगणकखोलीत चालायचा. एका उमेदवाराने शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी. कोणी कसला विद्यार्थी व्हायचं ते वर्ग घेणाऱ्या बाई ठरवायच्या. एक हुशार, एक बडबड्या, एक झोपाळू आणि एक 'कळलं नाही'. शिकवणाऱ्याने जीव तोडून सांगितलं तरी या शेवटच्याने "कळलं नाही" एवढंच म्हणायचं. बाईंचा नियम कडक होता. शिकवणाऱ्याच्या तोंडून "पाठ संपला" हे शब्द येईपर्यंत कोणी भूमिका सोडायची नाही. आणि ते शब्द एकदा आले की मग एखादा मुद्दा राहिला म्हणून कितीही गयावया केली तरी उपयोग नाही. परीक्षेलाही हाच नियम.

मास्तर पूर्वी शाळेत टायपिंग शिकवायचे. टाइपरायटर भंगारात गेले, त्याच टेबलांवर संगणक आले, आणि खोलीबरोबर मास्तरही संगणकाच्या नावावर झाले. बरीच वर्षं याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. मग फतवा निघाला की माध्यमिक शाळेत संगणक शिकवायचा तर रीतसर पात्रता हवी. हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग सांगितलं की या वर्षी पास व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. पाणी पुढे आलं तेव्हाच मास्तरांनी ओळखलं होतं.

अभ्यास भरपूर होता. प्रोग्रॅमिंग, नेटवर्क, डेटाबेस, शिवाय इंटरनेटवर मुलांनी काय करू नये याचं एक अख्खं प्रकरण. ते वाचून मास्तरांना कितीतरी नव्या गोष्टी कळल्या, ज्या मुलांना आधीच ठाऊक होत्या. एवढं त्यांनी रेटून नेलं. बायको दवाखान्यात नर्स होती. ती मटार सोलता सोलता प्रश्न विचारायची आणि उत्तर चुकलं की गोळ्या उशीखाली लपवणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं बघायची. खरी गोची उरलेल्या अर्ध्या अभ्यासात होती. बालमानसशास्त्र, पाठनियोजन, मूल्यमापन. आपल्याला येणं वेगळं आणि न येणाऱ्याला येईल असं करणं वेगळं, हे मास्तरांना पन्नाशीच्या तोंडावर पुस्तकात वाचावं लागत होतं.

"मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होता?" बायकोने विचारलं.

"शिकवत होतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनीही मटार सोलायला घेतले.

परीक्षेच्या पाठासाठी मास्तरांना 'लूप' आला होता. म्हणजे संगणकाने एकच काम पुन्हा पुन्हा करत राहायचं, आणि ठरवलेली अट पूर्ण झाली की थांबायचं. बाईंनी सुचवलं की दुपारी सगळे जेवायला जातात तेव्हा रिकाम्या खुर्च्यांना शिकवा, निदान त्या जांभया देत नाहीत. मास्तर डबा भरभर संपवून रिकाम्या खुर्च्यांपुढे उभे राहू लागले. शिक्षकाच्या संगणकाच्या पडद्यावर खोलीतल्या प्रत्येक मशीनची एक छोटी चौकट दिसायची. मशीन बंद, त्यामुळे सगळ्या चौकटी काळ्या.

एके दुपारी कोपऱ्यातल्या मशीनची चौकट उजळली. आत दोनच शब्द होते. कळलं नाही.

बरोबरच्या पोरापोरींपैकी कोणाचा तरी चावटपणा, असं मास्तरांना वाटलं. ते उठून कोपऱ्यात गेले. तिथला पडदा काळा होता. वायर भिंतीतून काढून, नीट गुंडाळून मशीनवर ठेवलेली होती. परत टेबलाशी येऊन पाहतात तर चौकट उजळलेलीच.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. मास्तरांना राग आला. एवढं सोपं सांगूनही कळलं नाही म्हणजे काय? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जिना संपेपर्यंत पायरी चढायची, जिना संपला की थांबायचं. मग त्यांना आवाज आला. मास्तरांचे कान टायपिंगवाल्याचे. कोण दहा बोटांनी टाइप करतो आणि कोण दोन, हे त्यांना पाठमोरंही कळायचं. हे एकच बोट होतं. अक्षर शोधत, थांबत, सापडलं की जपून दाबत. कोपऱ्यातल्या कीबोर्डची एकही कळ हलत नव्हती.

कळलं नाही.

असं रोज होऊ लागलं. मास्तरांनी जिना सोडून पाण्याची टाकी घेतली, टाकी सोडून शर्टाची बटणं घेतली. त्यांचा पाठ सुधारला, पण एकदाही शेवटापर्यंत गेला नाही, कारण तोवर जेवायला गेलेली मंडळी परत यायची. कोपऱ्यातली खुर्ची मास्तर रोज आत ढकलून ठेवायचे. रोज ती एक माणूस बसेल इतकी बाहेर आलेली असायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी बाईंना विचारलंच, की कोपऱ्यात कोण बसायचं.

बाई खोलीला कुलूप लावत होत्या. त्या आधी म्हणाल्या की मशीन बिघडलंय. मग कुलूप ओढून पाहत, मास्तरांकडे न बघता, बाकीचं बोलल्या. पोस्टातली नोकरी सोडून आलेला एक उमेदवार होता. वयस्क, अगदी सालस. बाई त्याला दर वेळी 'कळलं नाही' द्यायच्या, कारण तो ते फार सुरेख करायचा. एकदा शिकवणारी मुलगी त्याच्यापुढे इतकी गांगरली की रडत बाहेर पळाली. बाईंनी सांगितलं, राहिलेला पाठ उद्या. तो घरी गेला आणि सकाळी उठलाच नाही.

"आणि तो पाठ?" मास्तरांनी विचारलं.

"राहिला," बाई म्हणाल्या.

घरी मास्तरांनी सगळं सांगितलं. बायकोने आधी त्यांची नाडी पाहिली. ती ठीक निघाल्यावर तिने विचारलं, "काय कळलं नाही, ते त्याला विचारलंत का कधी?"

मास्तरांनी विचारलं नव्हतं. त्यांनी मनाशी हिशेब जुळवला. उद्या पाठ पूर्ण करायचा आणि शेवटी खणखणीत आवाजात "पाठ संपला" म्हणायचं. आपणही सुटलो, तोही सुटला.

दुसऱ्या दिवशी खोलीत खरी मुलं होती. मागे बाई आणि बाहेरून आलेले परीक्षक बसले होते. परीक्षकांचा चेहरा असा होता की त्यांच्यासमोर लूप काय, साधा बेरजेचा आकडाही चुकावा. तरी मास्तरांचा पाठ लागला. मुलं हसली, उत्तरं देऊ लागली. लूप सुरू कसा करायचा ते सांगून झालं. थांबण्याची अट कशी घालायची, हा मुख्य भाग राहिला होता, तेवढ्यात कोपऱ्यातल्या मशीनची चौकट उजळली.

कळलं नाही.

मास्तरांनी तिकडे काणाडोळा केला. एका बोटाचा आवाज वाढला. तो आता मुलांनाही ऐकू येत असावा, कारण कोपऱ्याजवळच्या मुलीने आपली खुर्ची हळूच अलीकडे ओढली. मास्तर पुढे बोलत राहिले, पण आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू येईना.

शेवटी त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठे अडलंय तुमचं?"

परीक्षकांनी मान वर केली.

आवाज थांबला. मग एकेक अक्षर शोधत चौकटीत एक शब्द आला.

दमलो.

अट शिकवायला फार वेळ लागणार नव्हता. तेवढा वेळ तो थांबला असता. इतके दिवस थांबलाच होता. मास्तरांनी हातातला मार्कर खाली ठेवला.

"पाठ संपला," ते म्हणाले.

चौकट काळी झाली. कोपऱ्यातली खुर्ची कुरकुरली, माणूस उठताना कुरकुरते तशी. बाईंनी झटकन तिकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

"मध्येच?" परीक्षकांनी विचारलं.

"हो."

परीक्षक माणूस वाईट नव्हता. त्यांनी पेन थोडा वेळ हवेतच धरलं, मास्तरांना विचार बदलायला वाव द्यावा म्हणून. मग म्हणाले की मुख्य मुद्दाच राहिला, तेव्हा त्यांचाही नाइलाज आहे. पुढच्या वर्षी बसा. मास्तरांनी मान हलवली. शाळेतली जागा पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हती, पण हे परीक्षकांना सांगण्यात अर्थ नव्हता.

मुलं गेली, परीक्षक गेले. मास्तरांनी सवयीने एकेक मशीन बंद केलं. बाई त्यांच्या मागोमाग खुर्च्या आत सारत आल्या.

धूळ आत जाऊ नये म्हणून संगणकखोलीत सगळे चपला-बूट बाहेरच्या मांडणीत काढून येत. बाई आपल्या सँडल घ्यायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. मांडणीची अगदी खालची फळी कोणी वापरत नसे, तिच्यावर वर्षानुवर्षांची जाड धूळ होती. त्या धुळीत, शेजारी शेजारी, दोन बुटांच्या आकाराच्या जागा स्वच्छ होत्या, बूट आत्ताच कोणी उचलून नेल्यासारख्या.

बाईंनी भिंतीला हात टेकला. मास्तर पायरीवर बसले आणि आपल्या बुटांच्या नाड्या बांधू लागले. घरी जाऊन सांगायचं होतं, म्हणून सावकाश.