बोलावणं न आलेले दहा दिवस

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. कपाटातली, नाडी बांधलेली नव्हे. घाटकोपरच्या एका डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटमधली. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. तुम्ही त्या वेबसाइटचं कुठलंही पान उघडलंत, की सर्व्हरवर त्या पानातली एक ओळ मला बोलावते. मी धावत जाते, पानाच्या माथ्यावर बसते आणि मगच ते पान तुमच्या मोबाइलवर पोचतं. माझ्या अंगावर केंद्राचं नाव आणि फोन नंबर, एवढंच. पानं मात्र चाळीस.

मला लिहिलं ती वेबसाइट बनवणाऱ्या चेतनाने, अंधेरीच्या तिच्या ऑफिसात, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात. “नंबर चाळीस ठिकाणी कशाला लिहायचा? हिच्यात लिहू, बाकीची पानं हिला बोलावतील,” ती म्हणाली होती. केवढा मान होता मला! सहा वर्षं मी नुसती धावत होते आणि त्याचा मला अभिमान होता.

मग चेतना बंगळुरूला गेली आणि काम सिद्धेशकडे आलं. मुलगा हौशी. गणपतीत वेबसाइट सजलीच पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्याने माझी हुबेहूब नक्कल केली, तिला झेंडूचं तोरण लावलं आणि पानांना सांगून ठेवलं, आधी तारीख बघा. गणपतीचे दिवस असले तर तोरणवालीला बोलवा, एरवी हिला. सगळे ‘झकास’ म्हणाले. मला दहा दिवस विश्रांती मिळाली. खरं सांगते, ती मला मुळीच मानवली नाही.

यंदा जुलैत केंद्राचा नंबर बदलला. सिद्धेशने माझ्यात नवा लिहिला, सगळी पानं उघडून पाहिली आणि निश्चिंत झाला. तोरणवाली तेव्हा कशी दिसणार? तिच्या अंगावर जुनाच नंबर राहिला. गणपती आले आणि चाळीसच्या चाळीस पानं तिला बोलावू लागली. खरा नंबर माझ्यापाशी, आणि मला विचारतंय कोण! जीव नुसता वरखाली होत होता.

अनंत चतुर्दशीला मिरवणुकांमुळे रस्ते बंद होणार, म्हणून केंद्राने संध्याकाळच्या पाळ्या सकाळी घेतल्या. वेबसाइटवर सूचना होती, ‘आपली वेळ फोन करून विचारा.’ इथे डायलिसिस घेणाऱ्या काशीरामकाकांची मुलगी श्वेता दोन दिवस फोन लावत राहिली. शेवटी नेहमीप्रमाणे संध्याकाळी पाचला ती त्यांना घेऊन आली, तेव्हा मशिनं बंद झाली होती. श्वेताने वेबसाइटचं नाव घेताच केंद्र सांभाळणाऱ्या सुलक्षणाताईंनी सिद्धेशला तडक बोलावून घेतलं.

पुढचं मी स्वतः पाहिलं, कारण त्याने काउंटरवरच लॅपटॉप ठेवून मला उघडलं. समोर बाकावर काका बसले होते. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती.

“फोन केला होतास ना गं? सांग याला,” ताई श्वेताला म्हणाल्या.

“केला ना ताई. वीस वेळा केला. वेबसाइटवरचाच नंबर, लागतच नाही.”

“मी बदललाय तो,” सिद्धेश म्हणाला. “स्वतः बघितलंय.”

“कधी बघितलंस?”

“जुलैत.”

ताईंनी आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला. तोरण होतं आणि त्याखाली जुना नंबर.

“कुंदा, मशीन परत लावतेस का? चार तास जातील,” ताई टेक्निशियनला म्हणाल्या.

कुंदाने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. “लावते. घरी कळवते, माझ्यासाठी गणपती थांबवू नका म्हणून. चला काका.”

काका वाचले. कुंदाच्या घरचा गणपती मात्र तिच्याविनाच गेला. चूक कुणाची आणि भरलं कुणी, हे मला अजून टोचतं.

मित्रांनो, आमच्या नकला करू नका. करायच्याच असतील तर नंबर एकाच जागी ठेवा आणि आम्हा सगळ्यांना तिथूनच घ्यायला लावा. सिद्धेशने त्या संध्याकाळी घाईघाईने तोरणवालीचा नंबर तेवढा बदलला आणि लॅपटॉप मिटला. पण माझ्या शेजारी कंदीलवालीही आहे, त्यानेच गेल्या दिवाळीसाठी केलेली. तिला त्याने अजून उघडलेलं नाही. दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय, आणि काकांना आठवड्यातून तीनदा यावं लागतं.