काळ्या काचेवरचे जठर

मी एक जुना डिजिटल फळा आहे, मित्रांनो. वय विचाराल तर साडेतीन वर्षे. एवढ्यात जुना कसा, असे तुम्ही म्हणाल. वस्तू वापराने जुनी होते, तशी नुसती ठेवूनही होते. मी ठेवून जुना झालो. त्या दिवसांची आठवण आली की मला अजूनही किळस येते, तरी सांगतो. कारण तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ असेल.

कारखान्यात माझी काच बसवून झाली, तेव्हा तपासणाऱ्या मुलीने बोटाने माझ्यावर एक सूर्य काढला, पुसला आणि ‘चालतो’ म्हणाली. तो माझा जन्म. पुढे लातूरहून टेम्पोत बसून मी देवणी तालुक्यातल्या एका लहान गावात आलो. जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपर्यंतची. जूनचा पहिला आठवडा होता. गावाने माझे फार कौतुक केले. हार घातला, चौकटीच्या कोपऱ्याला कुंकू लावले, पायरीवर नारळ फोडला. मी फुशारून गेलो. खोटे कशाला बोलू? तो हार मला आवडला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक शिवप्रसाद सरांनी घरून एक गिलाफ शिवून आणला. खणाच्या कापडाचा, कडेला झालर. तो माझ्यावर चढवला, खोलीला कुलूप लावले आणि चावी खिशात टाकली.

सर माणूस वाईट नव्हते. आधीच्या शाळेत त्यांच्या हाताखाली एक संगणक बिघडला होता आणि त्याची उत्तरे देता देता त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. निवृत्ती दोन वर्षांवर होती. “ज्या हालतीत आलाय, त्याच हालतीत पुढच्याला देऊन मी मोकळा होतो,” ते म्हणायचे. “वरखडा पडला तर कोण जवाब देणार?”

हे ऐकून घ्यायच्या त्या सुकन्याबाई. बाई विज्ञान आणि मराठी शिकवत. गणिताच्या सरांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कोणी आलेच नव्हते. सातवीत जगदेवी नावाची मुलगी होती. पुढच्या वर्षी आठवीत गेल्यावर तिला नववीसाठी नवोदयची परीक्षा द्यायची होती, आणि परीक्षा फेब्रुवारीत. त्या परीक्षेत गणित मोठे. घरी शिकवणारे कोणी नाही, गावात शिकवणी नाही. बाईंनी नांदेडला राहणाऱ्या आपल्या जुन्या शिक्षकांना, मृत्युंजय सरांना, फोन केला. ते निवृत्त होऊन घरीच होते. “रोज तीन वाजता शिकवतो,” ते म्हणाले. “मला तेवढे पोरांचे चेहरे दिसू दे.”

बाई चावी मागायला गेल्या.

“पुढच्या महिन्यात बघू, बाई.”

पुढचा महिना बारा वेळा पुढे गेला. मग बाईंनी मृत्युंजय सरांचा वर्ग स्वतःच्या मोबाइलवर सुरू केला. माझ्या खिडकीबाहेरच्या ओट्यावर मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा आणि त्याच्यापुढे बावीस मुले बसायची. मी भिंतीच्या आत. सगळे ऐकू यायचे.

“मागच्यांना दिसून राहिलंय का रे?” मोबाइलमधून सर विचारायचे.

“हाव सर! गण्याचं डोस्कं दिसून राहिलंय.”

“गण्याचा त्रिकोण करा मग,” सर म्हणायचे आणि सगळे हसायचे. जगदेवी हसायची नाही. ती मागे बसून नुसत्या आवाजावरून वहीत आकृती काढायची. चुकली की खोडायची, पुन्हा काढायची. हातभर अंतरावर मी होतो, भिंतीएवढा फळा, झालरीच्या गिलाफात. मित्रांनो, लाज म्हणजे काय, ते मला तिथे कळले.

माझी खोली मुळीच उघडत नसे असे नाही. कोणी साहेब यायचे असले की उघडायची. गिलाफ निघायचा, मुलांना धुतलेल्या कपड्यांत माझ्यापुढे बसवायचे. माझ्यात एकच पाठ भरला होता, पचनसंस्थेचा. तोच दरवेळी चालवायचा. घास तोंडातून निघाला की मुले ओरडायची, “अन्ननलिका!” पुढे “जठर!” पुढे “लहान आतडे!” ठरलेली चार मुले ठरलेल्या ठिकाणी बोट लावायची. फोटो निघायचे, साहेब पेढा खायचे, मी पुन्हा गिलाफात. दीड वर्षात तो एकच घास मी सात वेळा गिळला. मला त्याचा वीट आला होता.

आठव्या वेळी डिसेंबर होता. साहेब आले, खिडक्या उघडल्या, लख्ख ऊन आत आले. शिवप्रसाद सर माझ्याकडे पाठ करून पाहुण्यांकडे तोंड करून उभे राहिले. घास तोंडातून निघाला आणि वीज गेली. मी काळा झालो. उन्हात सरांना ते कळले नाही.

“आता सांगा, हे काय दिसून राहिलंय?” त्यांनी छडी मागे वळवून विचारले.

“अन्ननलिका!” सगळा वर्ग एका सुरात.

“शाब्बास! आणि पुढं?”

“जठर!”

ठरलेला मुलगा उठला, ऐटीत आला आणि माझ्या काळ्या काचेवर बोट टेकवून म्हणाला, “हे जठर. इथं अन्न घुसळतंय.”

साहेब पुढे वाकले. “कुठं हाय रे जठर?”

“इथंच असतंय साहेब,” तो म्हणाला, “लाईट असली की.”

साहेबांना हसू फुटले. हसता हसता त्यांना ठसका लागला. शिवप्रसाद सर वळले आणि माझ्याइतकेच काळे पडले. मला वाटले, आता साहेब रागावतील. विचारतील, हा फळा किती वेळा उघडता? पण डोळे पुसत ते म्हणाले, “फोटो घ्या, फोटो. पोरा, बोट तसंच ठेव. काळा दिसला तर दिसू द्या, कोण बघतंय?”

आणि त्या बंद काचेवर बोट ठेवलेल्या मुलाचा फोटो निघाला. मला उलटी करता येत नाही, मित्रांनो. येत असती तर त्या दिवशी केली असती.

तेवढ्यात मागून आवाज आला. जगदेवी उभी होती.

“साहेब, हे आमाला पाठ हाय. आमाला गणित न्हाई येत. चावी बाईंकडं द्यायला सांगा.”

सुकन्याबाईंनी तिला खाली बसवले नाही. त्या स्वतः तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“द्या की हो सर,” साहेब घड्याळ बघत म्हणाले. “काच ठेवून काय खायचीय? चला, जेवण थंड होतंय.”

एवढेच. दीड वर्ष अडलेली गोष्ट दारातून बाहेर पडता पडता अर्ध्या वाक्यात झाली. एवढी सोपी होती ती! याचीच मला सर्वांत जास्त शिसारी आली. आणि खरे सांगायचे तर, पहिल्या हाराला भुलून मी फुगलो होतो, म्हणून माझी स्वतःचीही.

दुसऱ्या दिवसापासून तीन वाजता मृत्युंजय सर माझ्यावर येऊ लागले, भिंतीएवढे. बावीस मुलांचे चेहरे त्यांना एकदम दिसले, तेव्हा ते चष्मा काढून पुसत बसले. मुलांच्या हाताला खडू असायचा, तेल असायचे, चिंचेचा चिकटा असायचा. माझ्यावर दोन वरखडे पडले. शिवप्रसाद सर ते रोज बघून जायचे. एक दिवस स्वतः फडके आणून त्यांनी काच पुसली आणि जरा वेळ शेवटच्या रांगेत बसून राहिले.

पण दोन महिने ते किती? पृष्ठफळ-घनफळ आणि वर्तुळ, असे दोन धडे राहिलेच. जगदेवी परीक्षा देऊन आली आणि पुढे निकाल लागला. तिचा नंबर यादीत नव्हता.

ती शाळेत आली ती रडून आलेली होती. बाईंनी जवळ घेतले.

“बाई, जे शिकलो ते सगळं आलं,” ती म्हणाली. “शेवटचेच न्हाई आले. ते आपण शिकलोच न्हाई नं.”

शिवप्रसाद सर दारात उभे होते. त्यांनी ऐकले आणि मान खाली घातली.

“मग आता शिकवा की,” जगदेवी म्हणाली.

सुट्ट्या लागल्या होत्या. तरी तीन वाजता मृत्युंजय सर आले. समोर एकटी जगदेवी. सरांनी वर्तुळ काढले आणि तिला विचारले, “जीवा काढशील?” ती उठली आणि माझ्या काचेवर वर्तुळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिने सरळ रेघ ओढली.

मित्रांनो, ती परीक्षा पुन्हा येत नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या शाळेत एखादी खोली बंद असेल, तर आत काय आहे ते आधी विचारा. मग ते आम्हाला कधी मिळणार, ते विचारा. साहेब येण्याची वाट बघू नका. उद्याच विचारा. वर्ष निघून जाते.