उंबरा न ओलांडलेला कुत्रा

"तुम्हाला खरं वाटणार नाही, अण्णा. कुणालाच वाटणार नाही," सगुणाआत्यांनी आधीच सांगून टाकलं आणि घरमालकापुढं चहा ठेवला. "हा कुत्रा टीव्हीतून आलाय."

बाबरअण्णांनी वाकून पाहिलं. पलंगाखाली तांबूस कुत्रा हनुवटी टेकून पडला होता. एक कान उभा, एक पडलेला. टीव्ही चालूच होता. हिरवळीवर अकरा कुत्री ओळीत बसलेली, मध्ये एकाची जागा मोकळी, आणि त्या जागेशी अर्ध्या चड्डीतला शिकवणारा रिकामा पट्टा धरून उभा.

आत्यांनी सगळं रीतसर सांगितलं. एकतीस वर्षं त्या गुरांच्या दवाखान्यात जनावरं धरायच्या कामावर होत्या. डॉक्टरांची सुई आत जाईपर्यंत म्हशीच्या कानाशी बोलत राहायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर अण्णांची ही खोली घेतली. करारात कलम होतं की कोणतंही जनावर उंबरा ओलांडून आत येणार नाही. दुसरी खोली परवडण्यातली नव्हती, तेव्हा आत्यांनी सही केली आणि रोज चार वाजता कुत्र्यांना शिकवायचा हा इंग्रजी कार्यक्रम लावून बसू लागल्या.

गप्प बसून बघणं त्यांना जमलं नाही. पट्टा ओढू नकोस, मान बघ त्याची, असं त्या शिकवणाऱ्याला सांगायच्या. पहिल्या आठवड्यात त्यानं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पट्ट्याला हात घालण्याआधी तो चोरून आत्यांकडं बघू लागला. तिसऱ्या आठवड्यात पट्टा सैल सोडून, असं का, म्हणून विचारू लागला. आत्या मान डोलवायच्या, मग तो पुढं जायचा.

तांबड्याची गाडी मात्र अडलेली. सिट म्हटलं की उभा राहायचा, कम म्हटलं की बसायचा. एक स्टे तेवढा पक्का, म्हटलं की जागचा हलायचा नाही. बिचाऱ्याला इंग्रजी येत नाही, हे आत्यांनी तोंडावरूनच ओळखलं होतं. आज निकाल होता. नापास झालेल्याला परत कोंडवाड्यात न्यायला हिरवळीच्या कडेला जाळीची गाडी दार उघडून तयार होती. सगळ्यांना माहीत होतं ती कुणासाठी आलीय.

"आणि मग आला," आत्या म्हणाल्या. आधी नाक आलं. दुधावरची साय बोटानं ताणावी तशी काच ताणली, सुटली, आणि कुत्रा टेबलावरून खाली उतरला. पायाला गवत होतं, ते आत्यांनी झाडून भरलं. चार पावलांची खोली, त्यात धावणार कुठं बिचारा, म्हणून खोलीही लांबली. पलंगापासून गॅसपर्यंत आता बावीस पावलं झाली होती.

"चहा निवलाय तो त्यामुळं. राग मानू नका."

अण्णांनी घोट घेतला. निवला होता. त्यांनी खिशातून करार काढला, कलम दोनदा वाचलं. टीव्हीचा त्यात उल्लेख नव्हता. उंबऱ्याकडं पाहिलं तर तो अजून लांब सरकत होता. दार काडेपेटीएवढं दिसत होतं.

शिकवणारा काचेला नाक लावून आत डोकावला. माझा एक कमी आहे, म्हणाला. आत्यांनी त्याला हातानंच थांब म्हणून खुणावलं. तो मुकाट्यानं खाली बसला.

"म्हणजे तुम्ही काहीच केलं नाहीत?" अण्णांनी विचारलं.

"मी जागची हलले नाही. आपणहून आला. आपल्या पायानं आलेल्या पाहुण्याला हाकलायचं कसं, तुम्हीच सांगा."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"खोटं."

पलंगाखाली शेपटी हलायची थांबली.

"टीव्हीतून आला, मान्य. खोली लांबली, ती दिसतेय. पण आपणहून आला हे साफ खोटं. मंगळवारी त्याच्या नाकावर बिस्किट ठेवलं, कानाशी फुगा फोडला, तरी पठ्ठ्या हलला नाही. तो स्टे मोडत नाही, आत्या."

आत्या त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "तुम्ही पण बघता?"

"वर. आवाज बंद करून." अण्णांचे कान लाल झाले. "म्हणून खालचं सगळं ऐकू येतं. तुम्ही हाक मारलीत त्याला. अशी."

आणि नेमकी कशी ते कळावं म्हणून अण्णांनी ओठांचा चंबू केला, जरासे लाजले, आणि ती हाक जशीच्या तशी मारून दाखवली. "यू, यू, यू."

हिरवळीवरची अकराच्या अकरा कुत्री उठून उभी राहिली.