बटणांच्या डब्याचा फोटो

ठमीचं काम वस्तूंचे फोटो काढण्याचं. मिक्सर, तवे, थर्मास, बादल्या, जे काही कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये छापतात ते सगळं. पांढऱ्या कागदावर वस्तू ठेवायची, मूठ उजवीकडे करायची, बोटांचे ठसे पुसायचे, पुन्हा पुसायचे आणि मगच बटण दाबायचं. स्टुडिओचा मालक म्हणायचा, "वस्तू अशी दिसली पाहिजे की तिला अजून माणसाचा हात लागलेला नाही." इतकी वर्षं ऐकून ऐकून ठमीचा हात आता झोपेतही फडकं शोधायचा.

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाबांनी लहानपणी चिडवायला ठेवलं आणि तिशी उलटली तरी ते गोचिडासारखं चिकटून राहिलं. बाबा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या. आई गेली, ताई नोकरीसाठी दूर गेली, आणि घरात उरले हे दोघे. दोघेही आतल्या गाठीचे. एकमेकांना दिवसभर टोमणे मारतील, पण मनातलं काही बोलायची वेळ आली की एकाला पाणी प्यायचं असे आणि दुसऱ्याला दार लावायचं.

कॅटलॉग सोडून ठमी स्वतःसाठीही फोटो काढायची. घरातल्याच साध्या वस्तू घ्यायच्या आणि त्यांच्याकडून आपल्या मनातलं बोलवून घ्यायचं, असा तिचा छंद. एकदा तिने वाकलेल्या चमच्याचा फोटो बाबांना दाखवला होता. ते म्हणाले, "छान आहे. स्थळं बघायला घ्यायची का त्याच्यासाठी?" त्या दिवसापासून तिने आपले फोटो त्यांना दाखवणं बंद केलं.

मग मध्यंतरी बाबांनी तिला दोनतीनदा ताईच्या नावाने हाक मारली. एकदा टेप गळ्यात अडकवून टेप शोधत बसले. जुन्या गिऱ्हाइकाचं नाव त्यांना आठवेना, तेव्हा "या या, बसा" करून वेळ मारून नेली. सत्तरीच्या माणसाचं असं होतंच, पण ठमी धास्तावली. विचारायचं कसं? ते या घरात जमणारं नव्हतं. म्हणून तिने कॅमेरा काढला.

सकाळी बाबा फिरायला गेले की स्वयंपाकघराच्या खिडकीतून छान ऊन आत येई. तिने बाबांचा शिवताना लावायचा चष्मा साखरेच्या बरणीत ठेवला, अर्धा साखरेत रुतलेला. वस्तू चुकीच्या जागी पडली की कशी बावरल्यासारखी दिसते! फोटो असा आला की तिचं तिलाच गलबलून आलं. तेवढ्यात स्टुडिओतून फोन आला, मालक ओरडत होता, आणि ठमी तशीच पळाली.

संध्याकाळी चष्मा बाबांच्या नाकावर होता. ते काही बोलले नाहीत. तीही बोलली नाही. तिला वाटलं, बाबांनी ओळखलंय आपलं खूळ आणि कानाडोळा केलाय. त्या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की ती मोकाटच सुटली. कढईत टेपचं वेटोळं. फ्रिजमध्ये अंड्यांच्या खाचांतून कापडावर खुणा करायचे खडू. दात घासायच्या ब्रशवर टोपीसारखं बसवलेलं, शिवताना बोटात घालायचं टोपण. कधी फोटो झाल्यावर ती वस्तू जागेवर ठेवी, कधी घाईत तशीच राही. पण संध्याकाळी सगळं जिथल्या तिथे असे. बापलेकीचा हा बिनबोलता खेळ चाललाय, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती. शहाण्या माणसाने निदान एकदा विचारलं असतं. ठमीने नाही विचारलं.

त्या फोटोंना तिने 'विसर' असं नाव दिलं आणि ते एका प्रदर्शनासाठी पाठवून दिले. ते निवडले गेल्याचं कळलं त्याच दुपारी ताईचा फोन आला.

"तुला सांगू नको म्हणालेत," ताई म्हणाली, "पण मला राहवत नाही. बाबा कापणं सोडतायत. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला टेबल, कात्री सगळं देणार आहेत, पुढच्या आठवड्यात."

"का? काय झालं?"

"डोकं चालत नाही म्हणतात. चष्मा साखरेत सापडला, खडू फ्रिजमध्ये. आपण कधी ठेवले ते आठवतच नाही म्हणाले. ठमे, रडत होते गं फोनवर. तुझ्या काही लक्षात नाही आलं?"

ठमीच्या हातात पुसायला घेतलेला थर्मास होता. तिने तो न पुसताच खाली ठेवला. प्रदर्शनाचा आनंद जिथल्या तिथे विरून गेला. बापाच्या विसरण्याची भीती वाटली म्हणून फोटो काढले, आणि त्या फोटोंनीच बापाला वेडं ठरवलं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि तिला एकेक आठवायला लागलं. महिनाभर बाबांनी एकही नवं कापड कापलं नव्हतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, एवढंच चाललं होतं. गाणं शिकवणाऱ्या बाईंचं कोटाचं कापड टेबलावर घडी घालून तसंच पडलं होतं. नवऱ्याने जाण्याआधी त्यांच्यासाठी आणलेलं कापड ते. तसं दुसरं मिळणार नव्हतं. बाई दोनदा येऊन गेल्या, आणि दोन्ही वेळा बाबा म्हणाले होते, "जरा हात दुखतोय." ठमीने ते ऐकलं होतं आणि मलम आणून दिलं होतं.

ती अर्धा दिवस टाकून घरी आली. बाबा मशीनवर बसून कुणाच्या तरी पिशवीचा बंद शिवत होते. पन्नास वर्षं कोट कापलेला माणूस, आणि पिशवीचा बंद.

"बाबा, चष्मा साखरेत मी ठेवला होता."

मशीन थांबलं. एकदा बोलायला लागल्यावर ठमीने काही राखून ठेवलं नाही. फोनवरचे फोटो एकेक दाखवत गेली आणि रडत गेली. बाबा बराच वेळ अंड्यांमधल्या खडूंकडे बघत होते.

"म्हणजे मी नाही?"

"नाही बाबा. मी. सगळं मी."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. आणि मग असे बरसले की रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. "गाढवे! अक्कल गहाण टाकलीस का? रात्र रात्र जागलोय मी! स्वतःचं नाव-पत्ता पुटपुटत झोपायचो, सकाळी आठवतंय का बघायला!" ठमीला प्रत्येक शब्द हवाहवासा वाटत होता. आणखी बोला, बाबा, आणखी बोला. पण बोलता बोलता त्यांना हसू फुटलं आणि डोळे भरून आले.

"टेप कढईत?"

"मीच."

"ब्रशवर टोपण?"

"मीच."

बाबा उठले. कापडांच्या चवडीमागे हात घालून त्यांनी एक पत्र्याचा डबा ओढून काढला. बटणांचा डबा. बूड काळंठिक्कर, आणि आत सगळी बटणं वितळून एक रंगीबेरंगी गोळा झालेला.

"मागे एकदा तू कामावरून आलीस तेव्हा तुला जळका वास आला होता बघ. मी म्हटलं, कढईचा दांडा जळला. खोटं बोललो. चहाचं भांडं समजून मी गॅस पेटवला, आणि शेगडीवर हा." त्यांनी डबा तिच्यापुढे धरला. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखी आशा होती. "हाही तिथे तूच ठेवला होतास ना?"

ठमीने बटणांच्या डब्याला कधी हात लावला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"वाटलंच मला!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "याचा फोटो कुठाय?"

"तो... तो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर आहे."

"उद्या आण. तो बघतो, आणि मग बाईंचा कोट कापायला घेतो." मग शिट्टी वाजवत ते चहा टाकायला गेले. ठमी दारातून शेगडीकडे बघत राहिली.

रात्रभर तिच्या डोक्यात तेच. डबा बाबांनीच ठेवला होता, यात शंका नव्हती. पण का? खरंच काही सुटत चाललं होतं, की तिने घातलेल्या भीतीनेच त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं? हे तिला आता कधीच कळणार नव्हतं, कारण पाणी तिनेच गढूळ केलं होतं. खरं सांगावं तर तो माणूस कात्री कायमची खाली ठेवील. न सांगावं तर उद्या कात्री चालेल ती एका बाईच्या शेवटच्या आठवणीवर.

सकाळी बाबा फिरायला गेल्यावर तिने शेगडीवर डबा ठेवला. स्टुडिओच्या फळीवर तसाच पत्र्याचा डबा होता, राहिलेल्या कामाचं निमित्त करून आदल्या संध्याकाळीच ती तिकडे जाऊन तो घेऊन आली होती. येताना बाजारातून बटणांची पाकिटं घेतली होती. डब्याचं झाकण अर्धं उघडं ठेवलं, दोन बटणं शेगडीवर सांडली. ऊन नेमकं पडलं. आयुष्यात इतक्या काळजीने तिने फोटो काढला नव्हता आणि फोटो काढताना इतकी लाजही कधी वाटली नव्हती. फोटो झाल्यावर ती मागचं पुढचं सगळं आवरून, ओटा पुसून, फोन घेऊन दुकानात जाऊन बसली.

बाबा आले तेच बाह्या वर सारत. टेबलावर बाईंचं कापड पसरलं, त्यावर खडूने खुणा केल्या, कात्री काढून शेजारी ठेवली. मग हात पुढे केला. "हं. दाखव."

तिने दाखवला. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बोटांनी चित्र मोठं केलं. खाई त्याला खवखवे. ठमी उगाच टेबलावरचे खडू सरळ करत बसली.

"फोटो चांगला आलाय," बाबा हळूच म्हणाले. "बटणं किती स्वच्छ आहेत."

"पुसून घेतली होती. सवय आहे ना."

"हो. पण माझ्या डब्यातली बटणं जुन्या कपड्यांवरून कापलेली असायची, ठमे. एकेकाच्या भोकात दोऱ्याचं शेपूट असायचं. ती शेपटं काही पुसून जात नाहीत."

ठमीने मान खाली घातली. तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आता ते ओरडतील म्हणून ती वाट बघत होती. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फोन तिच्या हातात परत दिला आणि क्षणभर तिचा हात हातात धरून ठेवला. त्यांचा हात गार होता.

"डबा मीच ठेवला होता तर," ते म्हणाले.

"बाबा, मी तुम्हाला घाबरवून ठेवलं होतं, म्हणूनही असेल. माझ्यामुळेच..."

"असेल. नसेलही." त्यांनी कापडावरून तळवा फिरवला, सुरकुती काढली. "बाकीच्या फोटोंबद्दल मी तुझ्यावर अजून चिडलोय, हे लक्षात ठेव. या एकाबद्दल नाही."

त्यांनी कात्री उचलली, पण कापडाला लावली नाही. टेप आणि बाईंची मापं लिहिलेली वही तिच्याकडे सरकवली.

"समोर उभी राहा. प्रत्येक खूण तू मोजायची, मगच मी कापणार. चुकलो तर सांगायचं." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आणि या वेळी खरं सांगायचं."

ठमीने डोळे पुसले आणि पहिली खूण मोजली. वहीतल्या मापापेक्षा बाही अर्ध्या बोटाने आखूड होती. तिने ती पुन्हा मोजली. बाबा कात्री उघडी धरून वाट बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "इथे चुकलंय."