उजव्या दारानं गेलेलं मत

त्या संध्याकाळी ऑक्सफर्डच्या वादसभेत मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. आयर्लंडला होमरूल, म्हणजे स्वतःचं वेगळं पार्लमेंट, द्यावं असा ठराव होता, आणि विरोधात उभे होते माझे यजमान, प्रोफेसर ॲम्ब्रोज लेडन. वीस वर्षं राज्यघटना शिकवलेला माणूस! पुढच्या आठवड्यात पार्लमेंटात याच प्रश्नावर मतदान. त्याआधी ऑक्सफर्डच्या पोरांनी ‘नाही’ म्हटलंच पाहिजे, या ध्यासापायी त्यांना महिनाभर जेवण गोड लागत नव्हतं. बायकांना मत नाही, म्हणून मी सज्ज्यात बसून नुसती तगमगत होते.

प्रोफेसर बोलले मात्र असे, की अंगावर काटा आला. “एका राज्यात दोन पार्लमेंटं? भांडण झालं तर शेवटचा शब्द कुणाचा?” टाळ्यांनी छत दणाणलं.

मग त्यांचाच लाडका विद्यार्थी उठला, डब्लिनचा फर्गल टियरनन. “सर, पार्लमेंट वाटेल ते करू शकतं, हे तुम्हीच शिकवलंत. मग आम्हाला स्वराज्य का नाही देऊ शकत?”

“देऊ शकतं रे! पण देऊ नये!”

आमच्याकडे मत पायांनी देतात. ठरावाच्या बाजूचे उजव्या दारानं बाहेर पडतात, विरोधातले डाव्या, आणि दाराशी डोकी मोजतात. टियरननची बाही धरून तावातावानं वाद घालत प्रोफेसर निघाले, ते थेट उजवीकडे!

सज्ज्यातून बायकांनी बोलायचं नसतं. शिवाय मी मनातून होमरूलच्या बाजूची. पण राहवलंच नाही. “अहो, डावीकडे! डावीकडे!” त्यांनी वर न बघताच हात झटकला आणि उंबरा ओलांडला.

ठराव एका मतानं मंजूर झाला.

बाहेर हिरवळीवर एकच गलका. “सरांचं मत उलटं धरा!” टियरननही म्हणाला, “असला विजय मला नको, सर. सुधारून घ्या.”

प्रोफेसर पांढरेफटक पडले होते. “कुठल्या दारानं गेलास, एवढंच नियम विचारतो. मनात काय होतं ते नाही. माझ्यासाठी तो वाकवला, तर वीस वर्षं मी शिकवलं काय? ठराव मंजूर आहे.”

“आणि पार्लमेंटनं होमरूल मंजूर केलं तर? तोही कायदा पाळाल?” टियरनननं विचारलं.

माझा जीव टांगणीला लागला.

“पाळीन,” ते कसेबसे म्हणाले. डोळे भरून आले होते. “चरफडत पाळीन. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो रद्द करायला उभा राहीन.”

टियरनननं हात पुढे केला. “मग असा विरोधक आम्हाला परवडतो, सर.”